लायडनच्या विद्यापीठाची बाग : काय बघायचं, कसं बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मुलगी नेदरलँड्समधल्या लायडनला शिकते, एप्रिलमध्ये तुम्ही दोघं तिच्याकडे जाताय, केउकेनहोफ या ट्यूलिपच्या बागेची तिकिटं काढून झाली आहेत. आता मुलगी म्हणते, विद्यापीठाची जुनी बाग, म्हणजे हॉर्टस बोटॅनिकस, बघितल्याशिवाय जायचं नाही. एक बाग बघितल्यावर दुसरी कशाला? तिथं वेगळं काय? आणि येताना ट्यूलिपचे कंद आणता येतील का? माझी सगळी नोकरी विद्यापीठाच्या बागेतली झाडं, पाट्या आणि नोंदवह्या सांभाळण्यात गेली, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

आधी सरळ सांगते. फुलांचे ताटवे बघायचे असतील तर केउकेनहोफच बघा, ते त्यासाठीच आहे. हॉर्टसमध्ये तसे ताटवे शोधलेत तर हिरमोड होईल. एखाद्या वाफ्यात चार मरतुकडी रोपं आणि त्यांच्यापेक्षा मोठी पाटी, असंही दिसेल. पण ती चार रोपं कुठून आली, कोणी आणली, कधी आणली हे त्या बागेला माहीत असतं. साधी बाग आणि वनस्पतिउद्यान यांतला फरक एवढाच आहे, आणि हा फरक लायडनला जितका स्वच्छ दिसतो तितका फार थोड्या ठिकाणी दिसतो.

वनस्पतिउद्यानात झाड आलं की त्याला नंबर पडतो. बऱ्याच बागांत नंबराचे पहिले चार आकडे म्हणजे ते आलं ते साल. नंबरापुढे वहीत (आता संगणकात) लिहायचं : कुठल्या जंगलातून, किती उंचीवरून, कोणी गोळा केलं, बी आलं की रोप की फांदी. शिवाय एक इंग्रजी अक्षर असतं, जगभरच्या बागांनी मिळून ठरवलेलं. डब्ल्यू म्हणजे थेट निसर्गातून आणलेलं, झेड म्हणजे निसर्गातून आणलेल्या झाडापासून बागेत वाढवलेलं, जी म्हणजे बागेतल्याच वंशाचं, आणि यू म्हणजे माहीत नाही. संशोधन करणारा माणूस आला की पहिल्यांदा हे अक्षर बघतो. यू असेल तर झाड कितीही देखणं असो, त्याच्या कामाचं नसतं. नर्सरीतून आणलेल्या सोनचाफ्याला सुगंध असतो, पण तो कुठल्या रानातल्या चाफ्याचा वंशज हे कोणी सांगू शकत नाही.

ऐकायला हे कारकुनी काम वाटतं, आणि आहेच. पाटी हा या धंद्यातला सगळ्यात मोठा ताप. रंगानं लिहिलेली पाटी दोन पावसाळ्यांत धुऊन निघते. साध्या पेन्सिलीनं लिहिलेलं त्यापेक्षा जास्त टिकतं. गवत कापताना माळी पाटी उपटून बाजूला ठेवतो आणि परत खोचताना शेजारच्या झाडाशी खोचतो. माकडं असतील तर बोलायलाच नको. म्हणून जाणती बाग खोचलेल्या पाटीवर विसंबत नाही. झाडाच्या बुंध्याला किंवा फांदीला एक छोटा धातूचा बिल्ला तारेनं सैल बांधलेला असतो आणि त्यावर नंबर ठोकलेला असतो. लोकांसाठीची पाटी वेगळी, झाडाचा बिल्ला वेगळा. लायडनमध्ये मोठ्या पाट्या वाचा, पण मागे हात करून हे बिल्लेही शोधा. बाग किती गंभीर आहे ते त्यावरून कळतं.

आता बागेकडे वळू. रापेनबर्ख नावाच्या कालव्याच्या काठी विद्यापीठाची जुनी मुख्य इमारत आहे, पूर्वीचा जोगिणींचा मठ. तिच्या मागच्या अंगाला बाग. स्पॅनिश सैन्यानं लायडनला वेढा घातला होता, तो १५७४ च्या ऑक्टोबरात उठला. पुढच्याच वर्षी विद्यापीठ निघालं आणि १५९० मध्ये नगरपालिकेनं बागेला जागा दिली. इटलीतल्या पिसा आणि पादुआच्या बागा याहून जुन्या आहेत, त्यामुळे ‘जगातली पहिली’ वगैरे कोणी सांगितलं तर सोडून द्या. नेदरलँड्समधली मात्र ही सगळ्यात जुनी.

त्या काळी विद्यापीठाला बाग लागायची ती वैद्यकीसाठी. विद्यार्थ्याला औषधी वनस्पती ओळखता आल्या पाहिजेत, नाहीतर औषधविक्या त्याला काहीही देईल. पीटर पाव नावाचे प्राध्यापक हिवाळ्यात शवविच्छेदन शिकवायचे आणि उन्हाळ्यात बागेत वनस्पती. पण बाग उभी करायला ज्याला बोलावलं तो माणूस वेगळ्याच नादाचा होता. कारोलुस क्लुसियस, त्या काळचा नामवंत वनस्पतितज्ज्ञ. १५९३ मध्ये तो लायडनला आला तेव्हा सदुसष्टीचा होता, पडल्यामुळे कंबर अधू झालेली, शिकवायची सक्ती करायची नाही या बोलीवर आलेला. प्रत्यक्ष खुरपं हातात घेतलं ते डेल्फ्टच्या डर्क क्लाउट या औषधविक्यानं. (मधमाश्यांवर डच भाषेत सुरुवातीला पुस्तक लिहिणारा तो हाच.) १५९४ मध्ये दोघांनी मिळून बाग लावली आणि वाफ्यावार यादी केली. जागा जेमतेम पस्तीस बाय चाळीस मीटर, आणि यादीत हजारावर वनस्पती! आपल्याकडच्या एका मंगल कार्यालयाच्या आवारात मावेल एवढ्या जागेत.

तुम्ही आत गेल्यावर क्लुसियसची बाग म्हणून जी दिसते, अरुंद लांबट वाफ्यांची, ती मूळची नाही. पुन्हा नव्यानं लावलेली आहे. लोकांना हे कळलं की जरा उतरल्यासारखं होतं, ‘म्हणजे खोटीच का?’ असा चेहरा होतो. मला उलट वाटतं. क्लुसियसनं लावलेलं एकही रोप शिल्लक नाही, पण यादी राहिली. कुठल्या वाफ्यात काय होतं हे कागदावर होतं म्हणून चारशे वर्षांनी ती बाग परत लावता आली. नोंदवहीचा याहून मोठा उपयोग मी तरी कुठं बघितलेला नाही.

एप्रिलमध्ये जाताय म्हणून सांगते, त्या वाफ्यांत रानट्यूलिप बघा. बुटके, पाकळ्या टोकदार, केउकेनहोफच्या जाडजूड ट्यूलिपशेजारी हे अगदी कृश वाटतील. क्लुसियस आधी व्हिएन्नात बादशहाच्या बागेवर होता. तिथं त्याला तुर्कस्तानातून आलेले कंद आणि बी मिळालं, ते त्यानं लायडनला आणलं आणि १५९४ च्या वसंतात तिथं ट्यूलिप फुलला. त्याच्या बागेतून कंद चोरीला जायचे, आणि अशी चोरीची, वाटावाटीची, विकत घेतलेली रोपं हॉलंडभर पसरली. पट्ट्यापट्ट्यांच्या ट्यूलिपपायी १६३६-३७ मध्ये लोकांनी घरंदारं लावली ती गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. ते पट्टे म्हणजे मावा किडीनं पसरणारा विषाणुरोग होता, हे विसाव्या शतकात सिद्ध झालं. पण पट्टे आलेलं झाड हळूहळू खंगतं, हे क्लुसियसनं आधीच टिपून ठेवलं होतं.

याच क्लुसियसचं आपल्याशी जुनं नातं आहे. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि मरेपर्यंत तिथंच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे त्याची ये-जा होती, मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्यानं होतं. आंबा, फणस, सुपारी, हिंग, भांग, कापूर, जे जे बाजारात आणि वैद्यांच्या बटव्यात दिसलं त्यावर त्यानं संवादरूपात पुस्तक लिहिलं. १५६३ मध्ये ते गोव्यात छापलं गेलं, छपाईच्या चुकांनी भरलेलं. पुढच्याच वर्षी क्लुसियस पोर्तुगालला गेला होता, तिथं त्याच्या हाती ते पडलं. त्यानं संवाद काढून टाकले, मजकूर आटोपशीर केला, टिपा आणि चित्रं घातली आणि १५६७ मध्ये अँटवर्पहून लॅटिनमध्ये छापलं. युरोपातल्या विद्वानांनी आंब्या-फणसाबद्दल वाचलं ते मुख्यतः या लॅटिन पुस्तकातून. ऑर्ताचं मात्र पुढे वाईट झालं. तो मूळचा ज्यू. मेल्यावर १५८० मध्ये इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, त्याची हाडं उकरून जाळली.

शंभर वर्षांनी दुसरा धागा जुळतो. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हॅन रीडे यानं मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडी ग्रंथ करून घेतला, ‘हॉर्टस मलबारिकस’. १६७८ ते १६९३ या काळात तो ॲम्स्टरडॅमला छापला गेला. पहिल्या खंडावर शास्त्रीय टिपा लिहिल्या त्या लायडनच्या बागेचे प्रमुख आर्नोल्ड सीन यांनी. मूळ माहिती मात्र इथल्या माणसांची : इट्टी अच्युतन हा मल्याळी वैद्य, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे कोचीनला राहणारे तीन कोकणी भाषक वैद्य. एप्रिल १६७५ मध्ये या तिघांनी दिलेलं प्रशस्तिपत्र त्या ग्रंथात जसंच्या तसं छापलंय, कोकणी भाषेत, नागरी लिपीत. चित्रांवर झाडांची कोकणी नावंही नागरीत कोरलेली आहेत. युरोपात छापल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या नागरी मजकुरांत याची गणना होते. वसाहतीच्या काळात इथल्या माणसांकडून ज्ञान घेऊन त्यांची नावं गिळल्याची उदाहरणं ढिगानं आहेत. रीडेनं नावं छापली, सहीसकट छापली. त्याचा हेतू व्यापारीच होता, जहाजांवरच्या आणि छावणीतल्या आजाऱ्यांसाठी महागडी औषधं युरोपातून का मागवायची, असा. तरी नोंद नेटकी ठेवली, आणि म्हणून आज आपण विनायक पंडितांचं नाव घेऊ शकतो. स्वतः रीडे समुद्रात वारला. त्याची कबर सुरतेला आहे.

वनस्पतींच्या शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणारा स्वीडनचा लिनियस भारतात कधीच आला नाही. त्यानं आपल्याकडच्या कित्येक झाडांना शास्त्रीय नावं दिली ती रीडेची चित्रं बघून. दुसरा आधार पाउल हेरमान याच्या संग्रहाचा होता. हा हेरमान सिलोनमध्ये डच कंपनीचा वैद्य होता, नंतर लायडनला प्राध्यापक आणि बागेचा प्रमुख झाला. लिनियस स्वतः १७३५ ते १७३८ हॉलंडमध्ये होता. वर्गीकरणावरचं त्याचं पहिलं मोठं पुस्तक १७३५ मध्ये लायडनलाच छापलं गेलं.

थोडं विषयांतर. तुमच्या घराच्या कुंपणाशी पावसाळ्यात घेटुळी उगवत असेल, तीच पुनर्नवा. तिचं शास्त्रीय नाव बूरहाव्हिया. हेरमान बूरहाव्हे हा लायडनचा जगप्रसिद्ध वैद्यकशिक्षक, १७०९ पासून बागेचा प्रमुख, त्याच्यावरून. आणि केना? कोमेलिना. यान कोमेलिन यानं सीनच्या मृत्यूनंतर मलबारच्या ग्रंथाचे पुढचे खंड सांभाळले. त्याचा पुतण्या कास्पारही वनस्पतितज्ज्ञ. केन्याचं फूल जवळून बघा : दोन निळ्या पाकळ्या ठसठशीत, तिसरी फिकट, बारकी, जेमतेम दिसणारी. लिनियसनं लिहून ठेवलंय की दोन कोमेलिन नावारूपाला आले, तिसरा काही करण्याआधीच वारला, म्हणून हे नाव. एवढा थंड विनोद शास्त्राच्या पुस्तकात मी दुसरा वाचलेला नाही.

आता झाडं. बागेतलं सगळ्यात जुनं झाड १६०१ चं समजलं जाणारं लॅबर्नम आहे. आपल्या बहाव्यासारखे पिवळे घोस लोंबतात, पण मे-जूनमध्ये. एप्रिलमध्ये तुम्हाला बहुधा नुसता वाकलेला, टेकू दिलेला बुंधा दिसेल. बिया विषारी, हात लावू नका. बूरहाव्हेच्या काळातला अमेरिकन ट्यूलिपवृक्षही आहे. त्याचं ट्यूलिपशी काही नातं नाही, तो सोनचाफ्याच्या कुळातला.

जपानी कोपऱ्याला मात्र वेळ द्या. फिलिप फ्रांझ फोन झीबोल्ट हा जर्मन डॉक्टर १८२३ ते १८२९ डच कंपूबरोबर नागासाकीच्या देजिमा बेटावर होता. नकाशे बाळगले म्हणून जपाननं त्याला हाकललं. तो झाडं घेऊन लायडनला आला. त्यानं आणलेल्यांपैकी काही झाडं, झेल्कोवाचा वृक्ष धरून, अजून जिवंत आहेत. जपानमध्ये राहिलेल्या पत्नीच्या, ताकीच्या, नावावरून त्यानं एका हायड्रेंजियाला ‘ओताक्सा’ नाव दिलं. पण याच माणसानं युरोपात जपानी नॉटवीड विकायला काढलं, शोभेचं झाड म्हणून. आज ते घरांचे पाये आणि नदीकाठ पोखरतंय. ब्रिटनमधलं सगळं नॉटवीड म्हणजे जवळजवळ एकाच मादी रोपाचे तुकडे आहेत. वनस्पतिउद्यानांच्या खात्यावर असे अपराधही जमा आहेत. आपली घाणेरीसुद्धा १८०९ मध्ये कलकत्त्याच्या उद्यानातूनच देशात पसरायला लागली.

हरितगृहांत जाल तेव्हा चष्म्यावर वाफ धरेल, थोडं थांबा. व्हिक्टोरिया कमळाचं फूल एप्रिलमध्ये नसतं. ते उन्हाळ्यात येतं, पहिल्या रात्री पांढरं आणि दुसऱ्या रात्री गुलाबी. आशियाई ऑर्किड, होया, घटपर्णी हे तिथले मुख्य संग्रह. डच वसाहत इंडोनेशियात असल्यामुळे हे सगळं तिकडून आलं, ही गोष्ट लपवण्यासारखी नाही आणि आताशा ती बागा लपवतही नाहीत. आज मात्र दुसऱ्या देशातून बी आणायचं तर नागोया करारानुसार त्या देशाची परवानगी लागते. आपल्याकडे २००२ चा जैवविविधता कायदा आहे. पूर्वी बागा एकमेकींना बियांच्या याद्या पाठवायच्या आणि पाकिटातून बी जायचं. सोयीचं होतं, पण बागेत शेजारी-शेजारी लावलेल्या जातींचा परागसंकर होऊन यादीत एक नाव आणि पाकिटात भलतंच बी, असंही भरपूर झालं.

सुरणाच्या कुळातले नग शोधा. सुमात्राचा टायटन ॲरम तिथं आहे, तीन मीटरपर्यंत उंच पुष्पगुच्छ, सडक्या मांसाचा वास. तो कधी फुलेल याचा नेम नाही. फुलला की अंगात ताप आल्यासारखा गरम होतो, वास दूरवर जातो आणि माश्या-भुंगे जमतात. गुच्छाच्या तळाशी आधी मादी फुलं पिकतात. नर फुलांचे पराग सुटेपर्यंत मादी फुलांची वेळ टळलेली असते. म्हणजे बी धरायला दुसऱ्या रोपाचे पराग हवेत, आणि ते बहुधा दुसऱ्याच बागेतून येतात, थंडगार पेटीत. इथं पुन्हा वही आली. दोन्ही रोपं एकाच आईची पोरं आहेत का, हे नोंदीवरूनच कळतं. नोंद नसली की भावंडांचाच संकर होत राहतो आणि बी पोचट निघायला लागतं. ठाणे-रायगडकडचे असाल तर हा प्राणी तुम्हाला अगदी परका नाही. मृगाच्या सुमारास बाजारात येणारं शेवळं हे त्याच वंशातलं, फक्त वीतभर. घशाला खाज सुटू नये म्हणून आपण त्यात काकडं घालतो. टायटनची भाजी कोणी केल्याचं ऐकिवात नाही.

आपल्याकडेही हे काम चालतं, ते सांगायला हवं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या बागेत सह्याद्रीतल्या दुर्मिळ कंदीलपुष्पांच्या जाती वाढवून परत कड्यांवर लावण्याचं मोठं काम झालंय. तिथं गेलात तर तुम्हाला कदाचित एक बारीक वेल आणि एक नंबर एवढंच दिसेल. जून ते सप्टेंबर सोडला तर वेलही दिसणार नाही, कंद जमिनीखाली झोपलेला असतो.

राहिले तुमचे कंद. पैसे वाया घालवू नका. लागवडीसाठीचे कंद भारतात आणायचे तर २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि तिकडच्या सरकारचा आरोग्यदाखला लागतो. विमानतळावरच्या दुकानातल्या पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. आणले तरी ट्यूलिपला तीनेक महिने कडक थंडी लागते. फ्रिजमध्ये ठेवून एकदा फुलवता येतो, पुढच्या वर्षी पानं येतील, फूल येणार नाही. श्रीनगरच्या बागेतसुद्धा हॉलंडहून कंद मागवावे लागतात. मुलीच्या खिडकीत लावा, तिथं फुलेल.

लायडन स्टेशनवरून चालत जा, पंधरा-वीस मिनिटं. सकाळी उघडल्या उघडल्या हरितगृहं, मग जपानी बाग, दुपारच्या उन्हात क्लुसियसचे वाफे. ऊन पडलं तरच रानट्यूलिप उघडतात, ढगाळ असेल तर मिटून बसतात. अर्धा दिवस धरा. फोटो काढाल तेव्हा झाडाबरोबर त्याच्या पाटीचाही काढा, नंबर वाचता येईल असा. नंतर ‘हे काय आहे’ म्हणून विचाराल तर मला सांगता येईल.